टॉम लिंकन, सुतार

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत ते पत्र चौकटीत लावलेले होते. तुमच्याही शाळेत असणारच. अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले, वसंत बापटांनी मराठीत आणलेले पत्र. त्याच्याखालच्या खुर्चीत बसून मी एकतीस वर्षे वह्या तपासल्या. निवृत्तीनंतर कळले की लिंकनच्या समग्र लेखनात हे पत्र नाहीच, आणि त्याने ते लिहिल्याचा काही पुरावाही नाही. थोडे वाईट वाटले. पण पत्र चांगले आहे आणि मुलांनी ते वाचून काही बिघडले नाही. असो.

बाप आणि मुलगा या विषयावर लिंकनचे एक खरेखुरे पत्र मात्र आहे. ते कोणी चौकटीत लावणार नाही. त्या पत्रापाशी मी येणारच आहे, पण आधी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगायला हवी.

नववीच्या वर्गात अमेरिकेचे यादवी युद्ध शिकवताना मी लिंकनची गोष्ट रंगवून सांगत असे. ओंडक्यांचे घर, चुलीच्या उजेडात वाचन, आणि बाप? बाप अडाणी, आळशी, सुतारकाम करायचा पण तेही धड नाही, मुलाच्या हातात पुस्तक दिसले की चिडायचा. कुठल्या तरी छोट्या चरित्रात हे वाचले होते. बाप जितका काळा रंगवावा तितका मुलगा उजळ दिसतो, हे सगळ्या गोष्टी सांगणाऱ्यांना ठाऊक असते. एका वर्षी वर्गात गावातल्या सुताराचा मुलगा होता. गोष्ट चालू असताना तो बाकाच्या फळीवर नखाने रेघ ओढत बसला होता. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर टेबलाशी आला आणि म्हणाला, "बाई, बाबांनी विचारलंय, त्या लिंकनच्या वडलांकडं हत्यारं कोणती होती?" मी म्हटले, "हे परीक्षेला येत नाही रे." तो गेला. मीही विसरले.

काही वर्षांपूर्वी लेकीकडे इलिनॉयला जाऊन राहिले. एका रविवारी जावयांनी गाडीतून चार्ल्सटन नावाच्या गावाच्या दक्षिणेला नेले. सपाट मुलूख, मका आणि सोयाबीन, नजर अडायला झाडही नाही. तिथे थॉमस लिंकनचे शेवटचे घर आहे. म्हणजे घराची नक्कल आहे. मूळ ओंडके 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी सुटे करून नेले आणि तिकडेच कुठे तरी गहाळ झाले. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून बापाचे घर उचलून नेले, आणि नेले ते हरवले! पुढे 1930 नंतरच्या दशकात त्याच जागी तसेच घर पुन्हा बांधले. घर पाहिले, विहीर पाहिली, आणि मग एका फळीवर वाचले की हा माणूस सुतार होता व त्याने केलेली म्हणून ओळखली जाणारी कपाटे आजही इंडियाना आणि केंटकीतल्या संग्रहालयांत आहेत. मी तिथेच थबकले. ज्याला काम धड येत नव्हते, त्याची कपाटे दोनशे वर्षे टिकली कशी?

पुढचे तीन महिने मला दुसरा उद्योग नव्हता. माझे शिक्षण मराठीतून, इंग्रजी पुस्तक हातात आले की शब्दकोश शेजारी लागतो. लेक वाचनालयातून पुस्तके आणून द्यायची, दुपारी नात झोपली की मी वाचत बसायची. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी गेले की तीर्थोपाध्ये वही काढतात आणि खापरपणजोबांचे नाव वाचून दाखवतात. तिकडे तशा वह्या नाहीत, पण कौंटीच्या कचेऱ्या आहेत. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्याहून मोठे आणि जिल्ह्याहून लहान असे काहीतरी. त्या कचेऱ्यांत खरेदीखते, करयाद्या, लग्नाची नोंद, कोर्टाचे दावे असे सगळे पडून असते. ज्याने स्वतः एक ओळ लिहिली नाही अशा माणसाचा माग या कागदांतून निघतो.

खुद्द अब्राहमलाही हा माग काढायची हौस होती, हे मला नवीन होते. 1848 मध्ये तो काँग्रेसचा सभासद म्हणून वॉशिंग्टनला असताना मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमच्या एका लिंकन आडनावाच्या गृहस्थांशी आणि व्हर्जिनियातल्या आणखी एका लिंकनशी त्याचा पत्रव्यवहार झाला. आमचे लोक पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स कौंटीतून व्हर्जिनियात आले एवढे त्याला माहीत होते. त्यामागचे काही नाही. न्यू इंग्लंडच्या लिंकन घराण्यात आणि आपल्यात मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी सारखी नावे दिसतात, यापलीकडे हाताला काही लागले नाही, असे त्याने 1859 मध्ये लिहून ठेवले. त्याच्या हयातीत हा धागा जुळलाच नाही. त्याच्यानंतर संशोधकांनी तो जुळवला. 1909 आणि 1923 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ निघाले.

जुळलेली वंशावळ अशी. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या हिंगम गावचा सॅम्युएल लिंकन 1637 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, एका विणकराचा उमेदवार म्हणून जहाजाने मॅसॅच्युसेट्सला आला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय लोहार झाला. त्याचा मुलगा, तोही मॉर्डेकाय, न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियात गेला आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा मालक झाला. त्याने 1733 मध्ये बांधलेले दगडी घर अजून उभे आहे. त्याचा मुलगा जॉन पुन्हा विणकर. हा व्हर्जिनियाच्या लिनव्हिल क्रीकवर गेला. जॉनचा मुलगा अब्राहम, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा आजोबा, व्हर्जिनियाच्या नागरी सैन्यात कॅप्टन होता. तो 1782 च्या सुमारास डोंगर ओलांडून केंटकीत गेला आणि त्याने तिथे हजारो एकर जमिनीवर नावे लावली.

म्हणजे पाच पिढ्या हातात कसब असलेले, दर पिढीला पश्चिमेकडे सरकणारे आणि दर पिढीला थोडे वर चढणारे लोक. अब्राहम लिंकनने मात्र आपल्या आईवडिलांची घराणी सामान्य, नाव घेण्याजोगी नसलेली असे लिहिले. त्याने खोटे लिहिले नाही. त्याला माहीतच नव्हते. त्याने जे पाहिले ते वडिलांपासून पुढचे, आणि वडिलांच्या वाट्याला घराण्यातले काही आलेच नव्हते.

का आले नाही? 1786 च्या मे महिन्यात कॅप्टन अब्राहम शेतात काम करत असताना इंडियनांच्या एका टोळीने त्याला गोळी घालून ठार केले. ज्या जमिनीवर तो नांगर चालवत होता ती त्यांची शिकारीची भूमी होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तीन मुलगे शेतात होते. मधला जवळच्या गढीकडे मदतीसाठी धावला, थोरला मॉर्डेकाय घरातली बंदूक घ्यायला पळाला, आणि आठ वर्षांचा थॉमस बापाच्या प्रेताशेजारी बसून राहिला. एक इंडियन त्याला उचलायला आला तेव्हा मॉर्डेकायने घराच्या फटीतून नेम धरून त्याला मारले. ही गोष्ट थॉमसने पुढे आपल्या मुलाला इतक्या वेळा सांगितली की ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत हीच आपल्या मनावर सर्वांत खोल उमटली, असे अब्राहमने एका पत्रात लिहिले आहे.

बापाने मृत्युपत्र केले नव्हते. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग, आणि तिथल्या जुन्या कायद्याप्रमाणे सगळी जमीन थोरल्या मुलाची. व्हर्जिनियाने 1785 मध्ये हा कायदा बदलून सर्व मुलांना सारखा वाटा दिला होता, पण त्याचा अंमल 1 जानेवारी 1787 पासून सुरू व्हायचा होता. कॅप्टन अब्राहम आणखी आठ महिने जगता तर थॉमस लिंकन बऱ्यापैकी जमीनदार झाला असता. तसे झाले नाही. मॉर्डेकाय जमीनजुमल्याचा धनी झाला, आणि थॉमस दारोदार मजुरी करणारा, शाळेचे तोंड न पाहिलेला पोरगा. या एका गोष्टीने माझे मन फिरले, हे मी कबूल करते. इतकी वर्षे मी 'आळस' शिकवला, तिथे एका तारखेचा फरक होता.

मग या पोराने काय केले, ते कागद सांगतात. 1797 मध्ये तो एलिझाबेथटाउनजवळ एका गिरणीच्या बांधकामावर मजुरीला आहे. तिथेच पुढे तो सुतारकामात मुरला. 1803 मध्ये, पंचवीस वर्षांचा असताना, त्याने मिल क्रीकवर 238 एकर जमीन रोख 118 पौंडांना घेतली. वडिलार्जित काही नसलेल्या तरुणाने! 1806 मध्ये व्यापाऱ्यांचा माल तराफ्यावर घालून तो न्यू ऑर्लिन्सला गेला आणि आला, त्याचा हिशेब दुकानदाराच्या खतावणीत आहे. त्याने ज्यूरीत काम केले, रस्त्याच्या देखरेखीचे काम त्याच्याकडे आले. 1814 च्या करयादीत 98 मालमत्ताधारकांत त्याचा क्रमांक पंधरावा लागतो. आळशी माणसाचे नाव तिथे कसे पोचेल?

लग्नाची कथा तर मला फारच आवडली. 1872 मध्ये लिंकनच्या एका जुन्या सहकाऱ्याने चरित्र छापले आणि त्यात सुचवले की थॉमस आणि नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाची नोंदच मिळत नाही. झाले! गावगप्पांना ऊत आला. अब्राहमचा खरा बाप कोण यावर दहा जणांनी दहा नावे घेतली. नोंद शोधली होती ती हार्डिन कौंटीत, कारण लग्नानंतर ते दोघे तिथे राहत होते. पण लग्न झाले होते वधूच्या माणसांकडे, शेजारच्या वॉशिंग्टन कौंटीत. 1878 मध्ये तिथल्या कचेरीत कागद सापडले. 10 जून 1806 चे पन्नास पौंडांचे जामीनखत, त्यावर थॉमसची स्वतःच्या हातची सही, आणि 12 जूनला लग्न लावल्याची पाद्रीबुवांची नोंद. हे पाद्रीबुवा, जेसी हेड, स्वतःही सुतारकाम करत. एका सुताराने दुसऱ्याचे लग्न लावले, आणि त्याची नोंद बहात्तर वर्षे कोणी न उघडलेल्या गठ्ठ्यात पडून राहिली. ज्यांच्या लग्नाविषयी बोलले गेले ते नवराबायको आणि ज्याच्या जन्माविषयी बोलले गेले तो मुलगा, तिघेही तोवर मातीआड झाले होते. अब्राहमलाही वडिलांच्या लग्नाचा हा कागद कधी पाहायला मिळाला नाही.

आता जमिनीचे. हे थोडे रुक्ष आहे, पण सातबाऱ्याच्या वादात ज्याची हयात गेली अशा आपल्या माणसांना लगेच कळेल. केंटकीत सरकारी मोजणी झालीच नव्हती. ज्याने त्याने आपापली मोजणी करून घ्यायची, आणि खताच्या चतुःसीमा म्हणजे अमुक ओढ्यापासून तमुक ओकच्या झाडापर्यंत, तिथून दगडापर्यंत. ओढा वळतो, झाड पडते, आणि एकाच जमिनीची खते तिघांकडे निघतात. थॉमसने तीन शेते घेतली आणि तिन्ही ठिकाणी ठेच लागली. मिल क्रीकचे 238 एकर मोजणीच्या चुकीने 200 भरले, ते त्याने तोट्यात, 100 पौंडांना विकले. दुसरे शेत सिंकिंग स्प्रिंगचे. तिथेच 12 फेब्रुवारी 1809 ला अब्राहम जन्मला. या शेतावर आधीच्या मालकाचे देणे फिटलेले नव्हते. दावा झाला आणि शेत लिलावात गेले. तिसरे नॉब क्रीकचे. तिथे दूर फिलाडेल्फियाच्या कोणा वारसांनी आपला हक्क सांगून त्याच्यासह शेजाऱ्यांवर ताबा सोडण्याचा दावा लावला. तिन्ही वेळा त्याने पैसे मोजले होते.

1816 च्या अखेरीस थॉमस ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेला. ते राज्य त्याच डिसेंबरात संघराज्यात आले होते. अब्राहमने पुढे लिहिले की वडिलांनी केंटकी सोडले ते काहीसे गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या भानगडींमुळे. इंडियानात सरकारने आधी मोजणी केली होती. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोन, त्यात 640 एकरांचे छत्तीस भाग, भागाचा चौथा हिस्सा 160 एकर. झाड नको, ओढा नको, नुसता आकडा. थॉमसने ऑक्टोबर 1817 मध्ये व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत जाऊन दोन डॉलर एकराने 160 एकरांची नोंद केली. आधी 16 डॉलर भरले, मग 64. पुढचे हप्ते झेपेनात तेव्हा 1827 मध्ये अर्धी जमीन परत देऊन उरलेली 80 एकर स्वतःच्या नावे निर्वेध करून घेतली. माझ्या मते ही आयुष्यातली त्याची सर्वांत शहाणपणाची गोष्ट. आणि एक गंमत पाहा. बापाच्या जमिनी मोजणीने आणि कोर्टाने खाल्ल्या. मुलगा आधी मोजणीदार झाला आणि मग वकील.

मागे हत्यारांचा उल्लेख आला, त्याविषयीही दोन गोष्टी मिळाल्या. इंडियानाला जाताना थॉमसने सामान तराफ्यावर लादले होते, तो नदीत उलटला, आणि त्याने पाण्यातून सगळ्यात आधी हत्यारे शोधून काढली, असे सांगतात. दुसरी गोष्ट त्याच्या लग्नाला हजर असलेल्या एका माणसाची. फार म्हातारपणी त्याने सांगितले की टॉम लिंकन चांगला सुतार होता, आणि साऱ्या वॉशिंग्टन कौंटीत त्याच्याइतका उत्तम हत्यारांचा संच दुसऱ्या कोणाकडे नव्हता. म्हाताऱ्यांच्या आठवणी किती धरायच्या हा प्रश्न आहेच, पण कपाटे समोर आहेत. चेरी आणि अक्रोडाच्या लाकडाची, खोलीच्या कोपऱ्यात बसणारी, काहींवर वेगळ्या रंगाचे लाकूड बसवून केलेले बारीक जडावकाम. हे काम घाईने किंवा आळसाने होत नाही.

इंडियानात आल्यावर दोन वर्षांच्या आत नॅन्सी गेली. 5 ऑक्टोबर 1818. जंगलात चरणाऱ्या गाईंनी व्हाइट स्नेकरूट नावाची विषारी वनस्पती खाल्ली की ते विष दुधात उतरायचे आणि दूध पिणारी माणसे मरायची. कारण तेव्हा कोणाला माहीत नव्हते, नुसता 'दुधाचा आजार' म्हणायचे. थॉमसने बायकोसाठी शवपेटी केली, आणि फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्या नऊ वर्षांच्या अब्राहमने चाकूने तासल्या, असे घरातल्याच एका नातेवाइकाने सांगितले आहे. त्या साथीत शेजारपाजारच्या इतरांच्या पेट्याही थॉमसलाच कराव्या लागल्या. गावात सुतार म्हटला की हे काम त्याच्याकडे येतेच. आमच्या गावातही तिरडीचे बांबू सुताराच्या अंगणातून यायचे.

वर्षभराने थॉमस एलिझाबेथटाउनला गेला आणि साराह बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न करून तिला तीन मुलांसह घेऊन आला. ही सावत्र आई अब्राहमवर जीव लावणारी निघाली. 1865 मध्ये लिंकनचा वकिलीतला भागीदार हर्नडन तिला भेटायला गेला. तिने त्याला सांगितले की मिस्टर लिंकन होता होईल तो अब्राहमचे वाचन थांबवून त्याला कामाला लावत नसत, आधी ते काम स्वतःच उरकत. ही ओळ मी शब्दकोश काढून दोनदा वाचली. त्याच घरातल्या दुसऱ्या एकाने मात्र सांगितले की पाहुण्यांसमोर मुलगा मध्येच बोलला की बाप त्याला फटका देई. दोन्ही खरे असेल. कुठल्या घरात दोन्ही नसते? त्या काळच्या कायद्याप्रमाणे एकवीस वर्षांचा होईपर्यंत मुलाच्या मजुरीवर बापाचा हक्क होता आणि थॉमसने तो पुरेपूर वसूल केला. अब्राहम लोकांकडे लाकडे फोडायचा, पैसे बापाकडे जायचे. मुलाच्या मनात ते राहिले.

मग चरित्रकारांनी थॉमसला इतके खाली का ढकलले? हर्नडनचा ग्रह असा झाला होता की लिंकनची बुद्धी आईच्या बाजूने, व्हर्जिनियातल्या कोणा अज्ञात उच्चकुलीन आजोबाकडून आली. तसे ठरवले की बाप मंद असणे भागच. 1889 मध्ये त्याचे चरित्र निघाले आणि पुढचे कित्येक त्याच वाटेने गेले. वाचकांनाही चिखलातून उगवलेले कमळ हवे होते, आणि त्यासाठी चिखल लागतो. 1890 नंतरच्या दशकात आयडा टार्बेल या पत्रकार बाईंनी हे चित्र पुन्हा तपासायला सुरुवात केली. मग केंटकीतले एक पाद्री, लुई वॉरन, यांनी कचेऱ्याकचेऱ्यांतून दप्तरे उलगडली आणि 1926 मध्ये त्यांचे पुस्तक आले. वर दिलेल्या करयादीसारख्या किती तरी नोंदी अशाच माणसांमुळे उजेडात आल्या. त्यांना यातून काय मिळाले असेल? शंभर वर्षांपूर्वीच्या एका सुताराची अब्रू.

पण कागदांनी सगळे भरून निघत नाही, आणि थॉमसची बाजू घेताना मला तेही लपवायचे नाही. 1830 मध्ये सगळे इलिनॉयला गेले. पुढच्या वर्षी अब्राहमने घर सोडले. थॉमस त्यानंतर पूर्वीइतका उभा राहिला नाही. वय झाले होते, शेजाऱ्यांच्या आठवणींप्रमाणे एक डोळा गेला होता आणि दुसरा अधू झाला होता. रंधा मारणाऱ्याचे डोळे गेले की उरते काय? 1841 मध्ये मुलाने त्याच्याकडून 40 एकर 200 डॉलरला विकत घेतले आणि हयातभर वापरायला त्यालाच दिले. 1848 मध्ये जमीन वाचवायला 20 डॉलर पाठवले, पण सोबतच्या पत्रात शंकेचा सूर आहे. 1849 मध्ये वडील आजारी म्हणून तो भेटूनही आला.

आणि मग ते पत्र. 12 जानेवारी 1851, सावत्र भाऊ जॉन्स्टन याला. वडील अखेरच्या आजारात आहेत, ये म्हणून निरोप आलेले. अब्राहम लिहितो की माझी बायको बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळून आहे, मला येता येणार नाही. वडिलांना सांग, दयाळू परमेश्वराची आठवण ठेवा, तो तुम्हाला टाकणार नाही. आणि हेही सांग की आता आमची भेट झाली तर ती सुखापेक्षा दुःखाचीच ठरणार नाही का, याची मला शंका आहे.

लेखणी इतकी सांभाळून चालवणाऱ्या माणसाने हे वाक्य लिहिले. पाच दिवसांनी, 17 जानेवारीला, थॉमस वारला. स्प्रिंगफील्डहून ते घर शंभर मैलांच्या आत. मुलगा अंत्यविधीलाही गेला नाही.

मी त्याला दोष देऊ शकत नाही. मुलगा कितीही मोठा झाला तरी बापाने घेतलेली मजुरी विसरत नाही, आणि बाप कितीही थकला तरी आपण काय काय गमावले ते मुलाला समजावून सांगू शकत नाही. थॉमसला तर जेमतेम सही यायची. त्याची बाजू त्याच्या कपाटांना सांगता येत नव्हती, आणि खतावण्या त्या वेळी कोणी उघडल्या नव्हत्या. 1853 मध्ये अब्राहमला चौथा मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले थॉमस. वडील जिवंत असताना तीन मुलगे झाले होते, त्यांतल्या कोणाला ते नाव दिले नव्हते. 1861 च्या जानेवारीअखेर, राष्ट्राध्यक्षपद स्वीकारायला जाण्यापूर्वी, तो सावत्र आईला भेटायला या भागात आला आणि तेव्हा वडिलांच्या कबरीवरही गेला. कबरीवर दगड नव्हता. तो बसला 1880 मध्ये.

शायलोच्या त्या लहानशा स्मशानात आम्ही दुसऱ्या खेपेला गेलो. नात दगडावरचे नाव वाचून म्हणाली, "आजी, हे कोण?" मी म्हटले, "सुतार होते."

परत आल्यावर पावसाळ्यात माझ्या स्वयंपाकघराची खिडकी फुगून बसेना झाली. दुरुस्तीला जो आला तो तोच नखाने रेघ ओढणारा मुलगा. आता त्याचीच मुले कॉलेजात आहेत, फर्निचरचे दुकान आहे, पण बाईंचे घर म्हणून स्वतः आला. चहा घेताना मी त्याला त्याचा प्रश्न आठवतो का विचारले. तो म्हणाला, "नाही बाई, कसला?" मी सांगितला. मग सारे सांगितले. तराफा उलटला, आधी हत्यारे काढली, साऱ्या कौंटीत तसा संच दुसऱ्याकडे नव्हता.

त्याने बशी खाली ठेवली. "बाबांचा वाकस अजून आहे माझ्याकडं," म्हणाला. "आता मशीनवरच काम करतो आम्ही. पण तो ठेवलाय."

आणि खिडकीला रंधा मारायला उठला.